बरं व्हायचं म्हणजे पुन्हा सोसायला तयार व्हायचं का?

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मी सहा वर्षं एका वरिष्ठांच्या हाताखाली काम केलं. ते कधी अंगावर धावून आले नाहीत, शिवीही दिली नाही. पण बैठकीत सगळ्यांसमोर माझ्या कामाची टर उडवायची, तेच काम पुढच्या आठवड्यात स्वतःच्या नावावर वर पाठवायचं, रजा मागितली की 'तुमच्यासारख्यांना संधी दिली हीच चूक' असं सुनवायचं, हे नित्याचं. शेवटी लेखी तक्रार केली. चौकशी झाली आणि बदली माझी झाली. दोन वर्षांपूर्वी ती नोकरी सोडली. नव्या ठिकाणी माणसं चांगली आहेत. तरीही 'जरा येऊन भेटता का?' असा साहेबांचा निरोप आला की माझे हातपाय गार पडतात, शब्द सुचत नाहीत. समुपदेशकांकडे जाते. श्वासाचे व्यायाम करते, झोप सुधारली आहे. पण मागच्या वेळी ते म्हणाले, 'समोरच्याचं वागणं आपल्या हातात नसतं, आपली प्रतिक्रिया आपल्या हातात असते.' मला इतका राग आला की उठून निघून यावंसं वाटलं. मी आजारी आहे की ते ऑफिस आजारी होतं? ते जसंच्या तसं चालू असताना मी एकटीनं बरं व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं? त्यात माझी तिथली जिवलग मैत्रीण, जी चौकशीत 'मला काही माहीत नाही' म्हणाली, ती आता भेटायचं म्हणतेय, माफी मागतेय. घरचे म्हणतात, माफ कर आणि मोकळी हो. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट शेवटी लिहिते. माझ्या हाताखाली आता दोन मुलं आहेत. परवा त्यातल्या एकाला मी सर्वांदेखत बोलले. तोंड माझं होतं, आवाज त्या वरिष्ठांचा."

तुमचा राग मला पटला, म्हणून आधी त्याच्याबद्दल.

"प्रतिक्रिया आपल्या हातात असते" हे वाक्य खोटं नाही. बरोबरीच्या दोन माणसांमध्ये ते उपयोगी पडतं. पण ज्याच्या सहीवर तुमची रजा, तुमची बढती आणि तुमच्याबद्दलचा वार्षिक शेरा अवलंबून आहे, त्याच्यासमोर प्रतिक्रियासुद्धा पुरती तुमच्या हातात राहत नाही. शिवाय तुम्ही प्रतिक्रिया दिली होतीच की! लेखी, रीतसर, सहीनिशी. तिची किंमतही तुम्हीच मोजली. अशा माणसाला प्रतिक्रियेचे धडे दिले की त्याला ऐकू येतं ते एवढंच: तुझं सोसणंच कमी पडलं.

समुपदेशकांचा हेतू तसा नसावा. त्यांनी शिकवलेल्या श्वासामुळे तुम्हाला झोप लागते आहे, तर तो व्यायाम सोडू नका. फक्त त्याच्याकडून जेवढं होतं तेवढ्याचीच अपेक्षा ठेवा.

आता, आजारी कोण? हा प्रश्न तुमच्या आधी फार जणांच्या वाट्याला आला आहे, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा ज्याच्या हातात लेखणी होती त्यानं दिलं आहे. १८५१ साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं एक नवा मानसिक आजार जाहीर केला. लक्षण एकच, गुलाम मालकाकडून पळून जातो. त्याला त्यानं 'ड्रेपेटोमेनिया' असं भारदस्त नाव दिलं आणि प्रतिबंधक उपाय म्हणून फटक्यांची शिफारस केली. गुलामगिरी ही निरोगी स्थिती आणि तिच्यातून सुटावंसं वाटणं हा रोग! पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यानं थरथरणारे, वाचा बसलेले ब्रिटिश सैनिक रुग्णालयांत येऊ लागले तेव्हाही उपचार सगळ्यांना सारखे मिळाले नाहीत. स्कॉटलंडमधल्या क्रेगलॉकहार्टच्या रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स हे डॉक्टर लष्करी अधिकाऱ्यांशी बोलून, त्यांचं ऐकून घेऊन उपचार करत होते. त्याच सुमारास लंडनमध्ये लुईस यीलंड हे डॉक्टर साध्या शिपायांची वाचा परत आणण्यासाठी घशाला विजेचे झटके देत होते. तोफा दोघांवरही सुटल्या होत्या, फरक हुद्द्याचा होता.

पुढे १९७० च्या सुमारास व्हिएतनामहून परतलेले अमेरिकी सैनिक न्यूयॉर्कमध्ये गट करून आपसात बोलू लागले. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांनाही बोलावलं, पण वर खुर्ची मांडून नव्हे, बरोबरीनं बसायला. या सैनिकांच्या आणि त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या डॉक्टरांच्या रेट्यातून १९८० साली पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या अधिकृत सूचीत आलं. त्या निदानात कारण शोधलं जातं ते माणसावर काय गुदरलं त्यात, तो जात्याच कमकुवत आहे का यात नाही. हे निदान कुणाच्या दयेनं मिळालेलं नाही, भांडून मिळवलेलं आहे. आणि तरीही त्याच्या चौकटीत जिवावरचा प्रसंग, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा असावी लागते. सहा वर्षांचा पाणउतारा तिच्यात सहसा बसत नाही. तेव्हा कुणी तुम्हाला "एवढं काय झालं होतं?" म्हणालं, तर त्या प्रश्नामागेही कुणाचं दुखणं मोजायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं माप असतं, एवढं ध्यानात ठेवा.

म्हणून माझं उत्तर असं. ऑफिस बिघडलेलं होतं आणि इजा तुम्हाला झाली. दोन्ही एकाच वेळी खरं. कुणी ढकलून दिल्यामुळे मोडलेल्या पायालाही प्लॅस्टर लागतंच. प्लॅस्टर घातलं म्हणून ढकलणारा सुटत नाही, आणि ढकलणाऱ्याला शिक्षा झाली म्हणून हाड जुळून येत नाही. तुमच्या पत्रात हे दोन हिशोब एकमेकांत गुंतले आहेत. उपचार घेतले तर दोष कबूल केल्यासारखं होईल, अशी एक भीती मला ओळींमधून दिसते. तसं होत नाही. जुने प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा घडत असतील, तर आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी) किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्यानं आठवणींवर काम करणारी) यांसारख्या उपचारपद्धती आहेत, त्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीची चौकशी जरूर करा.

हातपाय गार पडण्याची लाज वाटू देऊ नका. ब्रिटनमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सतरा हजारांहून जास्त पुरुष सरकारी नोकरांची पाहणी झाली. त्यांच्यात कुणी उपाशी नव्हतं, सगळ्यांना कायमची नोकरी होती, आरोग्यसेवाही एकच. तरी सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघालं. धूम्रपान, रक्तदाब वगैरेंनी या फरकाचा काही भागच उलगडला. संशोधक मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ पासून दुसरी पाहणी केली, तिच्यात स्त्रियाही होत्या. आपल्या कामावर माणसाचा स्वतःचा किती ताबा आहे, याचा हृदयाच्या आरोग्याशी संबंध आहे, असं तिच्यातून दिसलं. उतरंडीतली आपली पायरी शरीराला कळते. मन समजूत घालतं की नवे साहेब चांगले आहेत, पण बोलावणं वरूनच आलेलं असतं आणि शरीर सहा वर्षांच्या अनुभवावर चालतं. नव्या साहेबांना एक साधी विनंती करता येईल: "भेटायला बोलावताना विषय एका ओळीत लिहाल का?" कारण सांगायची गरज नाही. अशी विनंती कोणीही करू शकतं.

तुमच्या पत्रातल्या ज्या शब्दाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले तो म्हणजे "तुमच्यासारख्यांना". तुमच्यासारख्या म्हणजे कशा, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बाई म्हणून, जातीवरून, घरात पहिल्यांदा शिकलेली म्हणून, भाषेवरून? मी विचारतही नाही. पण त्या माणसानं काय केलं ते पाहा. त्याच्या एकट्याच्या अंगात तुम्हाला मोडायची ताकद नव्हती. ती त्यानं बाहेरून उसनी आणली. तुम्ही लहानपणापासून शाळेत, रस्त्यात, कुठल्या कुठल्या दारात जे ऐकत आला असाल त्याची सगळी थप्पी त्या एका शब्दानं तुमच्यासमोर उभी केली. "एक वाक्य एवढं का लागलं?" असं तुम्ही स्वतःला विचारत असाल. ते एक नव्हतंच. म्हणूनच अशा जखमेवर "तो माणूसच तसा होता, सोडून दे" हे औषध लागू पडत नाही. माणूस तसा होताच, पण त्याच्या शब्दाला धार लावून ठेवण्याचं काम त्याच्या आधी कैक लोकांनी केलं होतं.

मग चौकशी. चोर सोडून संन्याशाला फाशी! मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रायड यांनी यावर बरंच काम केलं आहे. ज्या संस्थेवर आपण विसंबून असतो तिनंच हात वर केले, तर त्याची इजा मूळ प्रकारात मिसळून न जाता वेगळी होते आणि त्रास वाढवते. मला वाटतं, तुम्हाला आजही जास्त जाळतं ते हेच. त्या वरिष्ठांकडून तुम्ही न्यायाची अपेक्षा कधीच ठेवली नव्हती. समितीकडून ठेवली होती.

एकटीनं बरं व्हायचं म्हणजे काय करायचं, असं तुम्ही विचारता. एकटीनं होऊ नका, एवढंच म्हणते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली मांडलं, आणि ते अजून खोडलं गेलेलं नाही, की आघात माणसाचा स्वतःवरचा ताबा काढून घेतो आणि इतरांशी असलेली त्याची नाळ तोडतो. म्हणून सावरण्याची सूत्रं सावरणाऱ्याच्याच हातात हवीत, आणि सावरणं माणसांतच व्हायला हवं.

पण कोणत्या माणसांत? इथं मानसोपचारतज्ज्ञ फ्रांझ फॅनन यांच्या अनुभवाची आठवण होते. १९५३ साली ते फ्रेंच अमलाखालच्या अल्जीरियात ब्लिडा इथल्या मनोरुग्णालयात रुजू झाले. युरोपीय स्त्रियांच्या विभागात त्यांनी बैठका, करमणुकीचे कार्यक्रम, रुग्णांचं स्वतःचं वार्तापत्र असे उपक्रम सुरू केले. गुण आला. तेच उपक्रम मुस्लिम पुरुषांच्या विभागात साफ आपटले. फॅनन यांनी रुग्णांना बोल लावला नाही. राज्यकर्त्यांच्या रीतीभाती आपण यांच्यावर लादत होतो, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं छापील लेखात नोंदवलं. मग तिथं त्या लोकांच्या पद्धतीचं कॉफीगृह निघालं, त्यांचे सण साजरे होऊ लागले, कथा सांगणारा येऊ लागला, आणि विभागात जीव आला. पुढे १९५६ साली त्यांनी राजीनामाच दिला. जिथं माणूस स्वतःच्या देशात परका करून ठेवलेला आहे, तिथं त्याला बरं करून परत त्याच जागी पाठवण्यात अर्थ नाही, असा त्यांच्या पत्राचा रोख होता.

राजीनामा तुम्ही आधीच दिला आहे. तेव्हा फॅनन यांच्या गोष्टीच्या पहिल्या भागाकडे, त्या कॉफीगृहाकडे या. जिथं तुम्हाला आधी स्वतःला सिद्ध करावं लागत नाही, "असं खरंच झालं होतं का?" या प्रश्नापासून बोलणं सुरू होत नाही, अशी दोन-चार माणसं गाठा. त्याच वरिष्ठांच्या हाताखालून गेलेलं कुणी असेल तर फारच चांगलं. सहा वर्षं जे तुम्ही "माझ्यातच काही कमी असेल" म्हणून गिळलं, तेच शब्द, त्याच क्रमानं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं हा अनुभव श्वासाच्या व्यायामातून मिळत नाही. जे आपण एकटीचं गुपित म्हणून बाळगलं, ती त्या माणसाची ठरलेली पद्धतच होती, असं दिसू लागतं. (एक इशारा मात्र देते. दुःखितांच्या मंडळींतही उतरंड तयार होते. कुणाचं दुःख जास्त मोठं, कोण जास्त काळ बोलणार, कुणी रडलं तर चालतं. चार भेटींनंतर तुम्ही तिथं पुन्हा गप्प बसू लागला असाल, तर ती मंडळी तुमची नव्हेत.)

व्यवस्था बदलेल तेव्हाच मी बरी होईन, असंही ठरवून टाकू नका. त्या ऑफिसची घडी बदलायला किती वर्षं लागतील कोण जाणे. तोवर आपली झोप, भूक, हसू त्यांच्याकडे गहाण ठेवण्याचं कारण नाही.

समुपदेशकांना मात्र पुढच्या भेटीत सांगा की ते वाक्य लागलं, आणि का लागलं तेही सांगा. नंतर त्यांच्याकडे नीट पाहा. तेही खुर्चीत वरच्या बाजूला बसलेले आहेत, निदान करण्याचा अधिकार त्यांचा आहे. त्यांनी ऐकून घेतलं, "हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं" म्हणाले, तर वरच्या माणसाला विरोध करूनही आपलं काही बिघडलं नाही असा एक ताजा अनुभव तुमच्या गाठीला येईल, आणि तुम्हाला सध्या तोच हवा आहे. तुमच्या विरोधालाच त्यांनी लक्षण ठरवलं, तर दुसरं कुणी शोधा. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

आता ती दोन मुलं. हे तुम्ही शेवटी, लाजत लिहिलंत, पण मला ते पत्रातलं सर्वांत कामाचं वाक्य वाटलं. सहा वर्षं अधिकाराचा एकच आवाज ऐकलेल्या माणसाला घाईत, दमलेलं असताना तोच आवाज आठवतो. बळी तो कान पिळी, हे आपण पुस्तकातून शिकत नाही, आपल्याच कानावर शिकतो. तुम्हाला तो आवाज ऐकू आला, हीच तुमच्यातली आणि त्या वरिष्ठांमधली तफावत आहे. पण नुसत्या जाणिवेवर त्या मुलाचं भागणार नाही. उद्या त्याला बाजूला घेऊन नेमकं सांगा: "परवा मी सगळ्यांसमोर तुला असं बोलले, ते चुकलं. कामातली अमुक दुरुस्ती हवी होती, ती मी एकांतात सांगायला हवी होती." तुमची सहा वर्षांची कहाणी त्याला ऐकवू नका. नाहीतर त्यालाच तुमचं सांत्वन करावं लागेल, आणि हाताखालच्या माणसाकडून सांत्वन वसूल करणं हेही अधिकाराचंच एक रूप आहे.

त्यापुढे काही रीती लावून टाका. ज्यानं काम केलं त्याचं नाव त्यावर, वर पाठवतानासुद्धा. उणं बोलायचं ते दार लावून. रजेच्या अर्जाला होय किंवा नाही, आणि नाही असेल तर कामाचं कारण, टोमणा नाही. "मी चुकले तर मला सांगा" हे म्हणणं सोपं असतं, त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. पहिल्यांदा कुणी खरंच सांगेल तेव्हा तुमचा चेहरा कसा होतो ते ती मुलं पाहतील. ते जुनं ऑफिस तुमच्या हातात नाही. या दोन मुलांपुरतं ऑफिस तुम्हीच आहात. "ते जसंच्या तसं चालू असताना" असं तुम्ही लिहिलंत, तर निदान इतक्या जागेत ते तसं चालू राहणं तुम्हाला थांबवता येतं, आणि माझा अंदाज असा की इथून तुम्हाला जेवढं बरं वाटेल तेवढं दुसऱ्या कशानं वाटणार नाही.

राहिली मैत्रीण आणि माफी.

घरच्यांचं "माफ कर, मोकळी हो" मायेपोटीच आहे. पण माफीची घाई नेहमी खालच्याला केली जाते, हे एकदा पाहून ठेवा. वरच्याला कुणी "कबूल कर, मोकळा हो" म्हणत नाही. वर्णभेदाची राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत सत्य आणि सलोखा आयोगासमोर १९९६ पासून सुनावण्या झाल्या. अत्याचार करणाऱ्याला कायद्याच्या शिक्षेतून माफी मिळण्यासाठी संपूर्ण सत्य सांगण्याची अट होती. पश्चात्ताप व्यक्त करण्याची अट नव्हती. ज्यांनी भोगलं त्यांना एकरकमी ३०,००० रँड द्यायचे हे सरकारनं ठरवलं २००३ साली, आणि ती रक्कम आयोगाच्या शिफारशीपेक्षा बरीच कमी होती. बोलायला मिळालं म्हणून काहींना हलकं वाटलं. काहींना वाटलं की मोठेपणा तेवढा आमच्याकडून वसूल केला. तेव्हा माफ करणं हे सावरण्यापूर्वीचं तिकीट नाही. कधी आपसूक झालं तर होऊ दे, नाही झालं तरी तुम्ही सावरू शकता.

मैत्रिणीबद्दल मला तेवढं कठोर होता येत नाही. चौकशीत गप्प बसणाऱ्यांमुळेच अशा वरिष्ठांचं फावतं, हे खरं. आणि गप्प बसणाऱ्यांच्या मानेवरही तोच हात असतो, हेही खरं. तिची नोकरी त्याच सहीवर होती. तिनं तुमचा घात केला, भीतीनं केला, आणि आज तिला ते टोचतं आहे. मात्र चहा घेता घेता मागितलेली खाजगी माफी तिला जास्त हलकं करेल, तुम्हाला कमी. हर्मन यांनी आघातातून गेलेल्या लोकांना न्याय म्हणजे काय हवं असं विचारलं, तेव्हा शिक्षेपेक्षा त्यांना भोवतालच्या लोकांनी उघड मान्य करणं जास्त हवं होतं. "झालं ते खरं होतं, आणि ते चूक होतं", एवढं.

म्हणून भेटायचं असेल तर तिच्याकडे नेमकं हेच मागा. तिनं जे पाहिलं ते ती लिहून द्यायला तयार आहे का? निदान त्या वेळच्या दोन-तीन सहकाऱ्यांसमोर म्हणेल का? तक्रार पुन्हा उघडायची की नाही हा नंतरचा प्रश्न, तो तुमचा. ती अजून तिथंच नोकरीला असेल तर लेखी द्यायला कचरेल. मग आज तिला काय शक्य आहे ते तिलाच विचारा. थोडं देऊ केलं तर थोडं घ्या. काहीच नको, फक्त पूर्वीसारखं होऊ दे, असं ती म्हणाली तर घाई करू नका.

दिवस आणि जागा तुम्ही ठरवा. तासाभराची भेट ठेवा, निघायची वेळ आधीच सांगून ठेवा. ती रडली तर रडू द्या, गप्प करण्याची जबाबदारी तुमची नाही. तिथल्या तिथं काही कबूल करू नका. "विचार करून कळवते" म्हणा आणि ठरलेल्या वेळी उठा.